गेला का?

१

परसातल्या पेरूच्या फांदीला तारांनी टांगलेलं एक ॲल्युमिनियमचं ताट आहे. रोज सकाळी मी त्यात बाजरी आणि तांदळाची कणी टाकते, खाली मातीच्या परळात पाणी ओतते, आणि मागच्या खोलीत येऊन खिडकीपाशी स्टुलावर बसते. मग पक्षी येतात. मग ते उडून जातात. मी त्यांना नीट पाहिलेलं नसतं.

एवढंच आहे हे, आणि एवढ्यानेच माझा जीव मेटाकुटीला आला होता.

ताट अमृतने टांगलेलं. माझ्या नवऱ्याने. टपाल खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्याने केलेलं ते पहिलं काम. पुढे त्याची फुप्फुसं आकसत गेली आणि जळगावच्या मेहरूणमधल्या आमच्या या लहानशा घराची मागची खोली त्याची झाली. भाड्याने आणलेला लोखंडी पलंग आम्ही खिडकीजवळ लावला. पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये एक स्टूल मावेल एवढीच जागा ठेवली. त्याला भरवायला मी तिथे बसायची. प्राणवायूचं यंत्र दिवसभर घरघरत असायचं. बोलायला श्वास खर्च व्हायचा, म्हणून मला बोलवायचं असलं की तो हात लांब करून स्टीलच्या चमच्याने खिडकीचा गज वाजवायचा. दोन ठोके, जरा थांबून तिसरा. त्याच्या एकूण वागण्यासारखेच सावकाश. त्याचा अर्थ: ये, बघ.

मी स्वयंपाकघरातून धावायची. हात पिठाचे, नाहीतर ओले. माझा डावा गुडघा दुखरा आहे, त्यामुळे एक पाऊल हलकं पडतं आणि एक जड. बहुधा त्या आवाजानेच, मी उंबरा ओलांडेपर्यंत झाड रिकामं झालेलं असायचं आणि ताट नुसतंच हलत असायचं. मी चौकटीला हात टेकून विचारायची, “काय होतं? गेला का?”

तो उघडा तळवा वर करायचा. गेला.

शेवटच्या महिन्यात मात्र तो एकाच पाहुण्याबद्दल सांगू बघायचा. बोलणं जवळपास बंद झालं होतं, सगळं हातांनी. खिडकीकडे बोट. मग एकच बोट उभं. मग हात तोंडाशी नेऊन नकाराची मान.

“एकटाच येतो? दाणे खात नाही?” मी विचारलं.

त्याने मान डोलावली.

“मग करतो काय? नुसता बसतो?”

पुन्हा मान डोलावली. मला उत्सुकता वाटली. केवढा आहे, कसा दिसतो, मी विचारत राहिले. त्याने माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं दमला. मी उशी सारखी केली.

पौषात तो गेला. पलंग आणि यंत्र ज्यांचे होते ते दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन आले. चमचा खिडकीतच राहिला, आणि स्टूलही. तो पक्षी एकदा बघावा, एवढंच मला हवं होतं. कुठला होता ते कळावं. चोवीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवला आहे मी. वस्तूला नाव असलं की मला बरं वाटतं.

२

“आई, आखाजीला येतेय मी,” सोनल फोनवर म्हणाली. सोनल माझी मुलगी, पुण्याला असते; आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. “आणि दुसऱ्या दिवशी तुला घेऊनच निघणार.”

“बघू.”

“बघू नाही. भाडेकरू ठरलेत. मागची खोली रिकामी केलीस का?”

“पलंग केव्हाच गेला.”

“बाकीचं?”

“बाकी काही नाही.”

“आणि ते खिडकीत बसणं कमी कर ना थोडं. थोरल्या काकू सांगत होत्या. इथेही बघता येतील की पक्षी. आमच्या गॅलरीत कबुतरं येतात.”

“कबुतरं,” मी म्हणाले.

“बरं, चुकलं,” सोनल म्हणाली.

तोवर चैत्र लागला होता. जळगावचा चैत्र. दहाच्या पुढे परसाकडे बघवत नाही, पत्र्यावरून ऊन डोळ्यांत येतं. सकाळचा वेळ तेवढा माझा. मी मळकट रंगाच्या साड्या नेसू लागले. चष्मा चमकतो म्हणून काढून ठेवू लागले, पण मग काही दिसेना, म्हणून पुन्हा घातला. बांगड्या मी पौषापासून घालत नाही, तो आवाज आपोआपच मिटला होता. स्टुलावर हात मांडीत घेऊन बसायचं. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही.

आणि ते येऊ लागले. आधी चिमण्या, भांडकुदळ. मग होल्यांची जोडी. बुलबुल पेरूत बसून मान वाकडी करून माझ्याकडे बघायचा आणि चालवून घ्यायचा. एका सकाळी तर ताट पक्ष्यांनी भरलं होतं, खाली परळाच्या काठावर साळुंक्या होत्या, आणि एकालाही माझी भीती नव्हती. मला हसू येत होतं, पण हसले तर हलेन म्हणून मी हसलेही नाही.

मग सगळ्यांनी एकदम खाणं थांबवलं.

माना वर झाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्यावरून, माझ्या मागे, दाराकडे बघितलं. आणि एका भर्रकन आवाजात झाड रिकामं झालं. ताट हलत राहिलं.

मी हे शंभरदा पाहिलं होतं. मी खोलीत शिरले की असंच व्हायचं.

पण मी तर आत बसले होते. वळून बघितलं तर दारात कोणी नव्हतं.

३

शेजारी हिलालभाऊ राहतात. एसटीत कंडक्टर होते, धुळे डेपोला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून प्रत्येक गोष्ट त्यांना गाडीसारखी दिसते. मी कुंपणाशी उभी राहून त्यांना मांजराबद्दल विचारलं.

“मांजर नाही ताई. मांजर आलं तर आधी खार ओरडते. खार गप्प आहे.”

“मग शिक्रा?”

“शिक्रा वरून येतो. पाखरं वर बघतात. तुमची कुठे बघतात?”

मी सांगितलं.

“घरात?” ते हसले. “मग सोपं आहे. पाखरं म्हणजे विनातिकीट पॅसेंजर. चेकर चढला की उतरून पळणार. तुम्हाला नाही दिसला, त्यांना दिसला.”

“घरात कोणी नसतं, हिलालभाऊ.”

त्यांचं हसू ओसरलं. “हो, ते आहेच,” ते म्हणाले. “तुम्ही दार लावून बघा ना. झुळुकीने पडदा हलत असेल.”

पडदा काढला. दार लावून बसले. उडाले. खिडकीच्या उघड्या काचेत उन्हाची तिरीप चमकत असेल म्हणून तिच्यावर वर्तमानपत्र चिकटवलं. उडाले. कुकरची शिट्टी म्हणावं तर ती सगळ्या आळीत होते आणि तिला ते भीत नाहीत, फटाक्याला भीत नाहीत, रस्त्यावरून डीजे गेला तरी एक होला खात बसला होता. एके दिवशी मी घराला बाहेरून कडी घातली आणि परसात लिंबाखाली जाऊन बसले. ते आले, खाल्लं, आणि मग पुन्हा माना वर करून त्या खिडकीकडे, रिकाम्या खोलीकडे बघत उडून गेले.

त्या दिवशी मी ताटाला काठी मारली. दाणे मातीत सांडले. मी तेवढ्या दाण्यांसाठी वाकले आणि गुडघा धरला, आणि मला संताप आला तो पक्ष्यांचा नव्हे, कुणाचा हे सांगता येत नाही. माणूस आयुष्यभर उशिरा पोहोचतो, त्यावर उपाय म्हणून आधीपासून येऊन बसतो, आणि तरीही त्याला उशीरच झालेला असतो. हे कुठल्या गणितात बसतं?

घरात जाताना मला एक जुनी चिडचिड आठवली.

पौषाच्या आधीची दुपार होती. मी भाकरी थापत होते आणि गज वाजला. दोन आणि एक नव्हे. एकसारखा, घाईने, थांबत नाही असा. मला वाटलं नळी निघाली. तवा तसाच टाकून मी धावले. अमृत शांत पडून होता, नळी जागेवर होती.

“काय होतं? गेला का?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बराच श्वास गोळा करून म्हणाला, “मी... नाही वाजवलं.”

भाकरी जळाल्याचा वास येत होता. “मग काय चिमण्यांनी वाजवलं?” मी म्हणाले.

त्याने खिडकीकडे बोट केलं. मी बघितलं. पेरू, हलणारं ताट. “काही नाही तिथे,” मी म्हणाले. “पड आता.”

डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, प्राणवायू कमी पडला की होतं असं, माणूस विसरतो. ते मला पटलं. अजूनही पटायला हरकत नाही.

४

स्वयंपाक मी सध्या करत नाही. एकटीसाठी चूल पेटवायची इच्छा होत नाही. प्रमिलाबाई, माझ्या थोरल्या जाऊबाई, पलीकडच्या गल्लीत राहतात. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्याकडून डबा येतो आणि डब्याबरोबर बहुतेक वेळा त्याही येतात.

“खिडकीम्हाच बठेल व्हतीस ना?” त्या डबा ठेवत म्हणाल्या. “तोंड देख तुनं. तव्यासारखं व्हई गयं.”

“दहा मिनिटं बसले असेन, अक्का.”

“हाऊ, दहा मिनिटं. पाखरे काय मानसे शेतस का? तुले येईसन सांगतीन, बाई, अमुक दिन मी येल व्हतू, मनं नाव हाई?”

मला हसू आलं. अक्कांना मी पक्ष्याबद्दल सांगितलं होतं, ही माझी चूक.

“तुनी भाकरी कर एकदाव,” त्या म्हणाल्या. “हात चालना म्हंजे डोकं चालस.”

“पीठच नाही घरात.”

“मग हाई काय?”

त्या मागच्या खोलीच्या दाराशी उभ्या होत्या. चौकटीवर, खांद्याच्या जरा खाली, पिठाचा पंजा उमटला होता. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचा, राखाडी. चार बोटं आणि तळव्याचा अर्धा भाग, कोणी घाईत हात टेकावा तसा.

“जुना असेल,” मी म्हणाले.

अक्कांनी पदराने तो पुसला आणि त्या गेल्या.

त्या गेल्यावर मी तिथे उभी राहिले. तो जुना नव्हता. भाडेकरू येणार म्हणून पाडव्याच्या आठवड्यात मी या खोलीला रंग लावून घेतला होता आणि चौकटीला तेलरंग. रंगाऱ्याने दोन हात दिले होते. त्या रंगावर पीठ होतं. पुसताना ते झडलं नाही, अक्कांच्या पदराला चिकटून ओढलं गेलं. खाचेत थोडं राहिलं होतं, ते मी नखाने काढलं. ओलं होतं.

मी तळवा त्या जागेवर ठेवून पाहिला. तो तंतोतंत बसला. ठेवायला नको होता.

त्यानंतर मी सकाळी बसले की पाठीमागचं ऐकू लागले. आधी नुसतं पक्षी बघायचे, आता पक्षी बघत असताना मागे ऐकायचे, आणि त्यामुळे धड काहीच होत नव्हतं. ऐकू काही येत नसे. एकदा मात्र, ते उडाले त्या क्षणी, मला जळक्या भाकरीचा वास आला. अक्कांकडचा असेल. वारा तिकडून नव्हता, पण वाऱ्याचं काय सांगावं.

मनातून मी एक ठरवून टाकलं होतं, तेही सांगते. मला वाटत होतं तो अमृत आहे. पिठाचा पंजा वगैरे मी बाजूला ठेवलं. तो मला बोलवतोय, तो पक्षी दाखवायला, आणि त्याच्या हालचालीने पक्षी उडतात. हा विचार शिकलेल्या बाईला शोभणारा नव्हता, पण त्याची सोबत होत होती. पुण्याला जायच्या आत एकदा तरी त्याला जमावं, एवढंच मी म्हणत होते. कोणाला म्हणत होते कोण जाणे.

५

आखाजीला सोनल पहाटेच्या गाडीने आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, आणि घरातली गेलेली माणसंही येतात असं मानतात. त्यांच्यासाठी घागर भरायची. ज्यांच्या घरात वर्षाच्या आत कोणी गेलं असेल, त्यांनी तर चुकवायचीच नाही.

लाल मातीची नवी घागर अक्कांनी आणली होती. “कोठे ठेवानी?” त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, “तठेच. त्यानं डोकं जठे व्हतं तठे.”

म्हणून घागर मागच्या खोलीत बसली, स्टुलाजवळ. तिच्या तोंडावर खरबूज ठेवलं, बाजूला आंबे आणि सांजोऱ्या. मोठ्या दिरांनी निखाऱ्यावर आगारी, म्हणजे नैवेद्याचे घास, टाकायला सुरुवात केली. प्रत्येक घासाबरोबर एकेका पितराचं नाव घ्यायचं. आजोबा, आजी, सासरे, सासूबाई. शेवटी ते थांबले. धाकट्या भावाचं नाव या यादीत पहिल्यांदाच घ्यायचं होतं. “अमृत,” ते म्हणाले, आणि घास निखाऱ्यावर चरचरला.

“आते बठ्ठा बाहेर चाला,” अक्का म्हणाल्या. “दार लोटी द्या. त्याले शांतपने पानी पेऊ द्या.”

आमच्या सासरची ही रीत. घागर भरली की ती खोली दिवे लागेपर्यंत रिकामी सोडायची. तिथे कोणी बसायचं नाही, कोणाला हाक मारायची नाही. का, ते कोणी सांगत नाही. सासूबाईंना मी नवी असताना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, आलेल्याला कळायला पाहिजे की जागा त्याची आहे.

पुरणपोळी झाली, आमरस झाला. पुरुष लिंबाखाली सतरंजी टाकून पत्ते खेळायला बसले. एरवी पत्त्यांना नावं ठेवणारे हिलालभाऊसुद्धा आजच्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने भांडतात.

“सोनल, तुझ्या काकाने पान लपवलं बघ!”

“काका, काढा पान!”

“चेकर आला, चेकर आला,” दीर म्हणाले आणि सगळे हसले.

थोड्या वेळाने अक्का सोनलला घेऊन गेल्या. त्यांच्या दारात झोका बांधला होता, गल्लीतल्या लेकी जमल्या होत्या. “तू बी चाल,” अक्का मला म्हणाल्या.

“पडते जरा. उन्हाने डोकं धरलंय.”

“त्या खोलीम्हा जाऊ नको.”

“कशाला जाईन?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सोनलने चपला घालता घालता सांगितलं, “आई, बॅग भर. सकाळी सातची गाडी आहे.”

६

बॅग भरायला फार वेळ लागला नाही.

मग मी स्वयंपाकघरात उभी राहिले. घर शांत होतं. पत्ते खेळणारे समोरच्या अंगणात सरकले होते आणि त्यांचा आवाज दुरून येत होता. त्याहून लांब झोक्याची गाणी. मी विचार केला, सकाळी गाडी. परत येईन तेव्हा या खोलीत कोणाची तरी मुलं अभ्यास करत असतील. पेरू ते ठेवतीलच असं नाही. आणि मला त्या एका पक्ष्याचं नावही माहीत नसेल. चार महिने मी बसले, आणि मला काय मिळालं? शेपट्या. उडताना दिसलेल्या शेपट्या.

मी दार ढकलून आत गेले आणि ते पुन्हा लोटून घेतलं. घागर होती. खरबुजाचा वास होता. मी स्टुलावर बसले.

ताटात सकाळचे दाणे तसेच होते. परळ कोरडा पडला होता. भर दुपारी पाणी नाही म्हणजे कोणी येणारच नव्हतं. पाणी आणायला उठले असते तर पुन्हा सगळं सुरुवातीपासून. मी घागरीत पेला बुडवला आणि गजांतून हात काढून खालच्या परळात ओतला. उन्हात मातीने आवाज करत पाणी पिऊन घेतलं आणि मग ते साचलं.

परस पांढरं पडलं होतं. कावळाही ओरडत नव्हता. मी कितीतरी वेळ बसले.

मग पेरूच्या बुंध्याशी, पाचोळ्यात, काहीतरी उडी मारून पुढे आलं.

आधी मला ते झाडाचं पान वाटलं. मग ते उन्हात आलं. पाठ हिरवी. डोळ्यावरून काळी पट्टी. पोटाचा रंग जुन्या रेशमासारखा, आणि शेपटीखाली लाल, असा लाल की मी श्वास धरला. नवरंग. पुस्तकात पाहिला होता. उन्हाळ्यात कुठून तरी येतो, जमिनीवर चालतो, दाण्याला तोंड लावत नाही. एकटाच असतो. एकटाच. खात नाही. नुसता बसतो. पौषात तो इथे कसा असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

तो परळापाशी आला आणि उभा राहिला. माझ्याकडे बघत.

मला रडू आलं नाही. मला फक्त असं वाटलं की हे आत्ताच्या आत्ता कोणाला तरी दाखवायला हवं. या घरात त्याची एकच पद्धत होती. माझा हात खिडकीत गेला, चमचा हाती लागला, आणि मी गज वाजवला. थांबून थांबून नाही. एकसारखा, घाईने, वाजवत राहिले. पक्षी उडेल हेही सुचलं नाही. तो उडाला नाही. त्या आवाजाला तो भ्याला नाही.

मी थांबले. गज थोडा वेळ गुणगुणत राहिला.

तेव्हा स्वयंपाकघरात तवा दणकन खाली ठेवल्याचा आवाज झाला.

आणि पावलं. धावत. एक हलकं, एक जड.

७

पावलांबरोबर बांगड्यांचा आवाज होता. काचेच्या, दोन्ही हातांत भरलेल्या. त्या मी कुठे ठेवल्या आहेत ते मला माहीत आहे.

नवरंगाने मान वर केली, माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं, आणि तो गेला. लाल रंगाची एक रेघ कुंपणावरून गेली आणि संपली. ताट हलत नव्हतं, तेवढाच फरक.

लोटलेलं दार उघडल्याचा आवाज झाला नाही. चौकटीवर हात टेकल्याचा झाला.

“काय होतं?” माझ्या मागे धापा टाकत कोणी विचारलं. “गेला का?”

स्वतःचा आवाज माणूस सहसा बाहेरून ऐकत नाही. तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा चिरका असतो.

माझ्या पाठीमागे, कोपराच्या जवळ, पलंग जेवढ्या उंचीवर असायचा तेवढ्या उंचीवर, यंत्र घरघरत होतं. मला ते आधीपासून ऐकू येत असावं, आणि मी त्याला दुपार समजले होते. कोणीतरी श्वास गोळा करत होतं. मला तो श्वास पाठ होता, किती वेळ लागतो तेही.

“मी...” तो म्हणाला. “नाही वाजवलं.”

चमचा माझ्या हातात होता.

जळक्या भाकरीचा वास आला. पुढचं वाक्य मला माहीत होतं. ते येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

“मग काय चिमण्यांनी वाजवलं?”

खिडकीच्या उघड्या काचेवर मी चिकटवलेलं वर्तमानपत्र उन्हाने वाळून एका कोपऱ्यात सुटलं होतं. मी मान वळवली नाही. वळवायला हवी होती का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण डोळे त्या कोपऱ्यातल्या काचेकडे गेले. तिच्यात खोली दिसत होती, अंधारलेली, वाकडी. पलंगाच्या लोखंडी कठड्याचा तुकडा. त्यावरून उचललेला एक हात, हाडं दिसणारा. एक बोट.

ते बोट झाडाकडे नव्हतं. काचेत ते सरळ माझ्याकडे होतं. कसा दिसतो म्हणून मी विचारलं होतं, तेव्हा त्याने माझा पदर धरला होता.

त्याच्या मागे, दारात, बाई उभी होती. हात पिठाने भरलेले. तिने त्या बोटाच्या रेषेत नीट, डोळे बारीक करून बघितलं. माझ्या डोक्यावरून, माझ्यातून, पेरूकडे.

“काही नाही तिथे,” ती म्हणाली. “पड आता.”